सरकारी पत्रकांतील सूत्रधार

काव्य, नाटक, कादंबरी, चरित्र, निबंध अशी वाङ्मयाची जी वांटणी आपल्याकडे चालत आली आहे तींत सरकारी पत्रकास कोणीं जागा दिलेली नाहीं. हा अन्याय आहे असें आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत आलें आहे; कारण मराठी वाचणाऱ्या कुटुंबांत जें गद्य सर्वांत नियमितपणें, सर्वांत विश्वासानें आणि सर्वांत कमी चिकित्सेनें वाचलें जातें तें हेंच. कादंबरींतील एखादें पात्र असंभाव्य वाटलें कीं आपण लेखकास धारेवर धरतों. परंतु 'कटाचा सूत्रधार जेरबंद' या मथळ्याखालीं जें पात्र उभें केलें जातें त्याच्या संभाव्यतेविषयीं हातांतील चहाचा पेला खालीं ठेवून विचार करणारा वाचक विरळा. प्रस्तुत लेखांत या वाङ्मयाच्या एकाच शाखेचा परामर्श घ्यावयाचा आहे. दहशतवादाच्या संशयावरून पकडलेल्या किंवा मारलेल्या माणसाविषयीं सरकार जें लिहितें व बोलतें, ती ही शाखा होय.

या शाखेचे संकेत ठरलेले आहेत. पकडलेला इसम साधा हस्तक कधींच नसतो. तो सूत्रधार, निदान सूत्रधाराचा उजवा हात असतो. त्याच्यापाशीं सांपडलेले कागद महत्त्वाचे असतात. उधळलेला कट नेहमीं मोठा असतो, आणि तो सिद्धीस जावयास नेहमीं थोडेच दिवस उरलेले असतात. अतिशयोक्ति हा साहित्यशास्त्रांत अलंकार मानला आहे. परंतु तो शोभतो तो ऐकणाऱ्यास अतिशयोक्ति आहे हें ठाऊक असतें म्हणून. नायिकेचें मुख चंद्रासारखें आहे असें म्हणणाऱ्या कवीवर विसंबून कोणी रात्रीचा दिवा विझवीत नाहीं. पत्रकावर विसंबून मात्र माणसें तुरुंगांत जातात.

'सूत्रधार' हा शब्दच पाहा. संस्कृत नाटकांत सूत्रधार आरंभीं येतो, नटीशीं चार शब्द बोलतो आणि प्रस्तावना आटोपली कीं निघून जातो. पुढील अंकांत त्याचें काम नसतें. पत्रकें लिहिणाऱ्यांनीं हा शब्द एका इंग्रजी शब्दाची भरपाई करण्यासाठीं उचलला, परंतु नकळत त्यांनीं त्याचा मूळचा अर्थच पाळला आहे. यांचाहि सूत्रधार पहिल्या दिवशीं रंगभूमीवर येतो, आणि खटल्याच्या शेवटच्या अंकांत शोधूं गेल्यास बहुधा कोठें दिसत नाहीं.

ही रीत आजची नव्हे. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर तिचा एक ठळक नमुना १८७९ सालचा आहे. वासुदेव बळवंत फडके हे पुण्यास लष्करी हिशेबखात्यांत नोकरीस होते. १८७६-७७ च्या दुष्काळानें त्यांचें मन पेटलें, आणि १८७९ च्या आरंभीं रामोशांस हाताशीं धरून त्यांनीं दरोडे घालण्यास सुरुवात केली. मे महिन्यांत त्यांनीं सरकारास उद्देशून एक जाहीरनामा काढला. त्यांत लोकांच्या दैन्याचा पाढा वाचून बंडाची धमकी दिलेली होती. झालें! अंमलदारांच्या व आंग्ल वर्तमानपत्रांच्या लेखणीस पेशवाई परत आल्याचें दिसूं लागलें. त्याच मे महिन्यांत पुण्याचे बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा हे दोन्ही वाडे आगीच्या भक्ष्यस्थानीं पडले, तेव्हां तर शंकेस जागाच उरली नाहीं. आग बंडखोरांनीं लाविली, बंडखोरांच्या पाठीशीं पुण्याचे सुशिक्षित ब्राह्मण आहेत, आणि त्या सर्वांच्या मागें कोणी तरी मोठें डोकें आहे, अशी सांखळी एका रात्रींत तयार झाली. पुढें तपासांत निघालें तें असें कीं, सरकारी पुस्तकखात्यांतील एका नोकरानें आपली अफरातफर झांकण्यासाठीं ती आग लाविली होती.

आतां याच काळांत ज्याच्याविषयीं हें सर्व लिहिलें जात होतें तो माणूस स्वतः काय लिहीत होता तें पाहावें. फडक्यांचें आत्मवृत्त सरकारच्या हातीं लागलें आणि खटल्यांत तें पुरावा म्हणून पुढें आलें. त्यांत पेशवाई नाहीं, सर्वव्यापी कटहि नाहीं. पैसा उभा राहत नाहीं, माणसें लुटीच्या आशेनें येतात व लूट हातीं पडतांच पांगतात, ज्यांनीं साहाय्य करावयाचें ते सुखवस्तु लोक दार लावून घेतात, असें तें एका एकाकी माणसाचें दुःख आहे. सरकारी लेखक फडक्यांस मोठे करण्यांत गुंतले होते तेव्हां फडके आपल्या अपयशाची नोंद करीत होते. त्यांच्याविषयीं आम्हांस जो आदर वाटतो तो या नोंदीमुळें वाटतो, सरकारनें दिलेल्या राक्षसी आकारामुळें नव्हे. २० जुलै १८७९ च्या रात्रीं ते देवरनावदगी या गांवीं थकलेल्या अवस्थेंत पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं एडनच्या तुरुंगांत त्यांचा अंत झाला.

त्या 'मोठ्या डोक्या'चें पुढें काय झालें, हा प्रश्न वाचक विचारतीलच. त्याचें उत्तर मराठी वाङ्मयांतील एका अत्यंत प्रांजळ पुस्तकांत आहे. रमाबाई रानडे यांचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध झालें. महादेव गोविंद रानडे त्या वेळीं सबजज्ज होते. त्यांचीच शंका सरकारास आली होती, आणि त्यांस तांतडीनें धुळ्यास पाठविण्यांत आलें. तेथें त्यांचें टपाल फोडलें जाई. फडक्यांच्या नांवें बनावट पत्रें त्यांस येऊं लागलीं. रानड्यांनीं तीं पत्रें मिळतील तशीं पोलिसांकडे पाठविण्याचा क्रम ठेवला. कांहीं काळानें एका युरोपियन अधिकाऱ्यानें, तुमच्याविषयींचा संशय आतां दूर झाला, असें त्यांस खासगी रीतीनें सांगितलें. रमाबाईंनीं हें सर्व कोठेंहि आवाज न चढवितां लिहिलें आहे, आणि म्हणूनच त्या चार पानांपुढें सरकारी दप्तराचे गठ्ठे फिके पडतात. संशय जाहीर होता, त्याचें निरसन मात्र खासगी झालें. या वाङ्मयप्रकाराचें व्याकरण याहून थोडक्यांत सांगतां येणार नाहीं.

१८९७ सालीं रँडच्या खुनानंतर हेंच पुन्हां घडलें. खून केला चापेकर बंधूंनीं. परंतु तो उलगडण्यापूर्वींच सरदार नातू बंधूंस १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखालीं चौकशीवांचून अटकेंत टाकण्यांत आलें, आणि त्यांच्यावर खुनाचा आरोप शेवटपर्यंत ठेवला गेला नाहीं. पुढें १९१८ सालीं रौलट समितीनें आपला अहवाल याच पुण्याच्या प्रकरणापासून सुरू केला. तो अहवाल वाङ्मयदृष्ट्या वाचण्याजोगा आहे. साक्षी बंद दाराआड घेतलेल्या, त्यामुळें वाचकास साक्षीदाराचा चेहरा दिसत नाहीं. सुटे प्रसंग एका दोऱ्यांत ओंवलेले, त्यामुळें दोरा हाच पुरावा भासतो. आणि शेवटीं मागणी कशाची, तर चौकशीवांचून अटकेंत ठेवण्याच्या अधिकाराची. आमची सूचना अशी आहे कीं असे अहवाल शेवटच्या प्रकरणापासून उलटे वाचावेत, म्हणजे आरंभींचीं पात्रें इतकीं उंच कां रंगविलीं तें कळतें.

परकी सरकार होतें, त्याच्याकडून दुसरें काय होणार, असें म्हणून येथें थांबतां आलें असतें तर बरें झालें असतें. तसें थांबतां येत नाहीं.

११ जुलै २००६ रोजीं मुंबईच्या लोकलगाड्यांत सुमारें अकरा मिनिटांत सात स्फोट झाले व १८० हून अधिक माणसें गेलीं. त्या सायंकाळची आठवण ज्या घरांत आहे त्या घरांतील माणसांस शब्दांचें वाङ्मय नको होतें, न्याय हवा होता. ३० सप्टेंबर २००६ रोजीं मुंबईच्या पोलीस आयुक्तांनीं प्रकरण उलगडल्याची घोषणा केली. कट पाकिस्तानी हेरखात्याचा, अंमल लष्कर-ए-तोयबाचा व साह्य येथील सिमी संघटनेचें, असा तो पट होता. दोन वर्षें जातात न जातात तोंच, २००८ सालीं, त्याच शहराच्या पोलिसांच्या गुन्हे शाखेनें इंडियन मुजाहिदीनच्या म्हणून कांहीं लोकांस पकडलें, आणि त्यांतील एकाच्या कबुलीजबाबांत हेच स्फोट आपल्या टोळीनें केल्याचें आलें. एकाच स्फोटांचे दोन निरनिराळे सूत्रधार दोन शाखांच्या कागदांत एकाच वेळीं नांदत होते. यावर वाचकांतून फारसा गलबला झाल्याचें आम्हांस आठवत नाहीं. २०१५ सालीं विशेष न्यायालयानें तेरांपैकीं एकास सोडून बाराजणांस दोषी ठरविलें; पांचांस फांशीची व सातांस जन्मठेपेची शिक्षा झाली. २१ जुलै २०२५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें त्या बाराहि जणांस निर्दोष सोडलें. त्यांपैकीं एकजण २०२१ सालींच तुरुंगांत मरण पावला होता.

टीकाकाराच्या दृष्टीनें त्या निकालांत एक गोष्ट विशेष आहे. निरनिराळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांत कांहीं भाग जवळ जवळ शब्दशः सारखे असल्याचें न्यायालयास दिसून आलें. शैली हा माणसाचा हातखंडा असतो असें आपण म्हणतों. दोन माणसें एकच प्रसंग सांगूं लागलीं तर पहिल्या वाक्यापासून त्यांचा स्वभाव वेगळा पडतो. चार निबंध तपासणाऱ्या शाळामास्तरासहि जें एका बैठकींत ध्यानांत आलें असतें तें न्यायासनापुढें यावयास एकोणीस वर्षें लागलीं. न्यायालयानें आरंभींच असेंहि म्हटलें आहे कीं, गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा उभा केल्यानें समाजास फसवें समाधान मिळतें आणि खरा धोका मोकळाच राहतो. राज्यसरकार सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि २४ जुलै रोजीं त्या न्यायालयानें हा निकाल अन्य खटल्यांत आधार म्हणून वापरण्यास स्थगिति दिली. सुटलेल्यांस तुरुंगांत परत धाडलें नाहीं. तेव्हां शेवटचा शब्द अजून उच्चारला गेला होता असें म्हणतां येत नाहीं, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

मालेगांवची कथा याहून विचित्र. ८ सप्टेंबर २००६ रोजीं शबे-बारातच्या दिवशीं तेथें स्फोट झाले व तीसहून अधिक माणसें मेलीं. दहशतवादविरोधी पथकानें नऊ मुसलमान तरुणांस पकडून तपास पुरा झाल्याचें सांगितलें. २०१३ सालीं राष्ट्रीय तपास यंत्रणेनें त्याच स्फोटांबद्दल दुसऱ्याच मंडळींवर आरोपपत्र ठेवलें, आणि २०१६ च्या एप्रिलमध्यें पहिल्यांस न्यायालयानें आरोपमुक्त केलें. तोंवर त्यांतील एक हयात नव्हता. २९ सप्टेंबर २००८ रोजीं त्याच गांवीं पुन्हां स्फोट झाला, या वेळीं पथकानें हिंदु आरोपी उभे केले, पत्रकांचा घोष पूर्वींइतकाच मोठा होता, आणि ३१ जुलै २०२५ रोजीं तेहि सातहि जण निर्दोष सुटले. २१ जुलैचा निकाल ज्यांस रुचला त्यांतील पुष्कळांस ३१ जुलैचा रुचला नाहीं, व उलटपक्षींहि तसेंच. दोन्ही निकाल समोरासमोर ठेवून वाचणारे आम्हांस थोडेच भेटले. पत्रकास जो वाचक लागतो तो असा तयार होतो. त्यास खलनायक कोणत्या घरचा हवा हें आधींच ठरलेलें असतें.

आम्ही हें लिहीत आहों तें शिरोली एमआयडीसींत, पुणें-बंगळूर महामार्गाच्या कडेस. येथें ओतकामाच्या फौंड्र्या पुष्कळ. साच्यांतून निघालेलें कास्टिंग दिसावयास कितीहि नीट असलें तरी तें तपासल्यावांचून कोणी गाडींत भरीत नाहीं. आंत पोकळी राहिली असेल तर तें भंगारांत पडतें व पुन्हां भट्टींत जातें, आणि आजचें रिजेक्शन किती झालें तें कामगारापासून मालकापर्यंत सर्वांस ठाऊक असतें. सरकारी पत्रकांच्या कारखान्यांत रिजेक्शनची वही ठेवलेली आम्हीं ऐकली नाहीं. अमुक वर्षांत आम्हीं सूत्रधार म्हणून जाहीर केलेल्यांपैकीं इतके न्यायालयांत टिकले व इतके टिकले नाहींत, असें एक पान कोणत्याहि पक्षाच्या सरकारनें छापल्यास त्यावर परीक्षण लिहिण्यास आम्ही आनंदानें तयार आहों.

पुरावा भक्कम असतो तेथेंहि हा मोह सुटत नाहीं, हें सर्वांत नवल. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यांत जिवंत सांपडलेल्या कसाबविरुद्ध पुराव्याची वाण नव्हती. त्याचीं छायाचित्रें होतीं, साक्षीदार होते. तरी त्याच्याबरोबर ज्या दोघां भारतीयांवर नकाशे पुरविल्याचा आरोप ठेवला होता ते दोघेहि २०१० सालीं निर्दोष ठरले, आणि वरच्या दोन्ही न्यायालयांनीं तें कायम केलें. शिवाय कसाब तुरुंगांत मटण बिर्याणी मागतो ही गोष्ट घरोघर झाली होती, सभांतून तीवर टाळ्या पडत होत्या. सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीं २०१५ सालीं जयपूर येथें जाहीरपणें सांगितलें कीं बिर्याणी त्यानें कधींच मागितली नव्हती. राखीपौर्णिमेच्या दिवशीं त्याचे डोळे पाणावल्याच्या वार्तेनें जी भावनेची लाट उठली होती ती मोडण्यासाठीं आपण ती गोष्ट रचली. हा कबुलीजबाब मात्र कोणीं दबावाखालीं घेतलेला नव्हता! फांशीस पात्र ठरण्याइतका ज्याचा गुन्हा सिद्ध होता त्यास आणखी काळा करण्यासाठीं तांदूळ आणि मटण लागावें, यावरून आपल्या रुचीविषयीं लेखकाचा काय अभिप्राय असेल याचा वाचकांनीं विचार करावा.

याबाबतींत आपण जगांत एकटे नाहीं. २००२ च्या मार्चमध्यें अमेरिकेनें फैसलाबाद येथें अबू झुबैदा यास पकडलें व तो अल-कायदाच्या अगदीं वरच्या म्होरक्यांपैकीं एक असल्याचें अध्यक्षांपासून सर्वांनीं सांगितलें. त्याच्याकडून माहिती काढण्यासाठीं त्यास ८३ वेळां पाण्यानें गुदमरविण्यांत आलें. २००९ सालीं त्याच सरकारनें न्यायालयांत, तो अल-कायदाचा सभासद होता हें म्हणणें सोडून दिलें. इराकांत झरकावीचें महत्त्व लष्करानें प्रचारासाठीं मुद्दाम वाढविल्याचें अमेरिकन लष्कराच्या आपल्याच कागदांवरून २००६ सालीं वॉशिंग्टन पोस्टनें दाखवून दिलें. त्याच वर्षीं जूनमध्यें तो मारला गेला तेव्हां त्याच्या मृत चेहऱ्याचें छायाचित्र चौकटींत बसवून पत्रकारांपुढें मांडण्यांत आलें. पुढील महिन्यांत इराकांतील हत्या कमी न होतां वाढल्याच. चौकट चांगली होती.

आमच्यावर एक आक्षेप येईल, व तो पोकळ नाहीं. स्फोट झाल्यावर लोक भेदरलेले असतात. अशा वेळीं पोलिसांनीं, आम्ही कांहीं दुय्यम माणसें धरलीं आहेत, खरे कोण तें अजून कळलें नाहीं, असें म्हटल्यास लोकांचा धीर सुटेल. आणि न्यायालयांतून सुटला तो निरपराधच असें थोडेंच आहे? पहिल्या अर्ध्यास आमचें उत्तर असें कीं, धीर देणें निराळें आणि शेवट लिहून टाकणें निराळें. वरिष्ठांनीं एकदां सूत्रधाराचें नांव जाहीर केलें कीं खालच्या तपासनिसास दुसरीकडे पाहण्याची सोय राहत नाहीं. पुरावा नांवाकडे ओढावा लागतो. आणि दुसरा अर्धा तर आमच्याच बाजूचा आहे. सुटलेल्यांत खरे अपराधी असूं शकतात, हें कबूल. परंतु त्यांस सोडविणारा वकील बहुधा पत्रकच असतें. ज्यावर ठेवलेला आरोप चटईएवढा असतां सिद्ध झाला असता, त्यावर मांडवाएवढा आरोप ठेवला कीं खांब पुरत नाहींत व सर्वच खालीं येतें.

याचें उदाहरण आमच्या दाराशीं आहे. १६ फेब्रुवारी २०१५ रोजीं सकाळीं फिरावयास गेलेले गोविंद पानसरे व त्यांच्या पत्नी यांच्यावर कोल्हापुरांत गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनीं पानसरे गेले. त्या खटल्याविषयीं येथें लिहिणें प्रशस्त नाहीं. परंतु त्यापूर्वीं, २० ऑगस्ट २०१३ रोजीं, पुण्यास नरेंद्र दाभोलकर यांचा जो खून झाला त्याचा निकाल लागलेला आहे, म्हणून त्याविषयीं बोलतां येतें. २०१४ च्या जानेवारींत दोघे शस्त्रविक्रेते अटक केल्याचें गाजलें. मुदतींत आरोपपत्रच दाखल झालें नाहीं व ते जामिनावर सुटले. तपास सीबीआयकडे गेला. २०१६ सालीं एका डॉक्टरास मुख्य कारस्थानी म्हणून पकडलें, आणि आरोपपत्रांत गोळ्या झाडणारे म्हणून दोघां फरारी इसमांचीं नांवें घातलीं. २०१८ सालीं त्याच सीबीआयनें गोळ्या झाडणारे म्हणून निराळेच दोघे पकडले. प्रत्येक वेळीं वार्ता पहिल्या पानावर होती, आणि प्रत्येक वेळीं आधींची वार्ता चुकीची होती असें सांगणारें पत्रक निघालें नाहीं.

१० मे २०२४ रोजीं पुण्याच्या विशेष न्यायालयानें त्या शेवटच्या दोघांस जन्मठेप दिली व डॉक्टरांसह इतर तिघांस पुराव्याअभावीं सोडलें. दहशतवादविरोधी कायद्याचीं कलमें टिकलीं नाहींत. न्यायाधीशांनीं निकालांत म्हटलें आहे कीं या खुनामागील सूत्रधार कोणी वेगळेच आहेत, आणि त्यांस उजेडांत आणण्यांत पुणें पोलीस व सीबीआय हे दोघेहि अपयशी ठरले. खुनास तोंवर दहा वर्षें व जवळ जवळ नऊ महिने झाले होते.